कडू म्हणून औषध?

काही दिवसांपूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हांस सहकुटुंब जेवावयास बोलाविले होते. आठ-दहा वर्षे परदेशी राहून तो नुकताच स्वदेशी परतलेला. पाने वाढली जाण्यापूर्वी त्याने एका जड काचेच्या पात्रात बर्फ घातला, तीन बाटल्यांतून तीन द्रव्ये मापून ओतली, लांब दांडीच्या चमच्याने ती सावकाश ढवळली, आणि माणकाच्या रंगाचे ते पेय पेल्यात गाळून, वर संत्र्याची साल पिळून आमच्या हाती दिले. त्याच्या वृद्ध मातोश्री शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या मुद्रेवर नाराजीची छटा दिसताच तो म्हणाला, "आई, ही नुसती व्हिस्की नाही ग. हिच्यात वनौषधींचा अर्क आहे. जेवणाआधी घेतली की अन्न पचतं." मातोश्रींची नाराजी तत्काळ मावळली. "म्हणजे आसवच की रे!" त्या म्हणाल्या. आम्ही पेला ओठांस लावला. पेय उत्तम होते. ते वाक्य मात्र आमच्या घशाखाली उतरले नाही.

प्रस्तुत लेख त्या वाक्याविषयी आहे. आरंभीच सांगून टाकणे बरे की, आम्ही मद्यनिषेधाचे व्रत घेतलेले नाही, आणि ते घेतल्याचा आव आणून वाचकांपुढे उभे राहण्याची आमची इच्छाही नाही. आमचे भांडण पेयाशी नसून त्याला दिलेल्या नावाशी आहे. मद्यास मद्य म्हणून ओळखणारा मनुष्य त्याचे माप ठेवू शकतो; त्यास औषध म्हणणारा ते ठेवू शकत नाही, आणि त्याच्या घरच्यांसही ठेवू देत नाही. सुशिक्षित कुटुंबांत आज हे दुसऱ्या प्रकारचे बोलणे फार ऐकू येऊ लागले आहे, म्हणून लेखणी उचलावी लागली.

प्रथम हे पेय म्हणजे काय ते पाहू. त्याचे नाव 'बुलेव्हार्डिए', म्हणजे पॅरिसच्या रुंद राजरस्त्यांवरून हिंडणारा शौकीन. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत मद्यबंदीचा कायदा होता, आणि त्या काळात पैसेवाले व तहानलेले असे पुष्कळ अमेरिकन पॅरिसमध्ये येऊन राहिले होते. त्यांतील अर्स्किन ग्विन नावाच्या गृहस्थाने 'बुलेव्हार्डिए' याच नावाचे एक इंग्रजी मासिक तेथे काढले. रू दोनू या गल्लीत हॅरी मॅकेलहोन याचा मद्याचा गुत्ता होता. त्याने १९२७ साली छापलेल्या लहानशा पुस्तकात ग्विनच्या नावे ही कृती आली आहे. बर्बन व्हिस्की, इटालियन गोड व्हर्मूथ आणि कांपारी, तिन्ही समभाग. म्हणजे या पेयाचा जन्म एका संपादकाच्या पेल्यात झाला, वैद्याच्या खलात नव्हे, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

आता यात कडवटपणा कोठून येतो? इटालियन भाषेत 'अमारो' म्हणजे कडू. मुळ्या, साली, पाने, फुले व फळांच्या साली मद्यार्कात भिजवून, तो अर्क साखरेने गोड करून जी लिकर तयार होते तिला ते लोक अमारो म्हणतात. १८६० साली नोवारा येथे गास्पारे कांपारी याने बनविलेली लाल कांपारी ही याच घराण्यातील. सिसिलीतील काल्तानिस्सेत्ता येथे १८६८ पासून होणारी काळसर आव्हेर्ना ही तिची बहीण. आणि मिलानची १८४५ सालची फेर्नेत-ब्रांका ही त्या दोघींची अत्यंत फटकळ अशी आत्या. व्हर्मूथ ही सुद्धा वनस्पतींनी सुगंधित केलेली द्राक्षमदिराच. तिचे नाव ज्या वनस्पतीवरून पडले ती आमच्या दवण्याच्याच जातकुळीतील आहे.

या पेयाची रचना मात्र खरोखर मन लावून पाहण्यासारखी आहे. मूळ समभागांचे प्रमाण आता बहुधा बदलतात आणि व्हिस्कीस थोडे झुकते माप देतात: व्हिस्की ४५ मिलिलिटर, कांपारी ३० व व्हर्मूथ ३०. बर्बन ही मुख्यतः मक्याची, आतून जाळलेल्या ओकच्या नव्या पिंपात मुरलेली. तिच्या अंगी मुळातच गोडसर, व्हॅनिलासारखा वास असतो. त्यात गोड व्हर्मूथ तेवढी घातली तर पेय मधुर होते खरे, पण दुसऱ्या घोटास जीभ कंटाळते. कांपारी येऊन त्या गोडीस जागच्या जागी थोपविते. बर्बनऐवजी राय धान्याची व्हिस्की घेतल्यास पेय अधिक तिखट व कोरडे लागते. आणि तिच्या दोन भागांस एक भाग आव्हेर्ना व काही थेंब कडवा अर्क घातला की 'ब्लॅक मॅनहॅटन' नावाचे दुसरेच पेय होते, जे २००५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत निघाले.

कृतीत पाण्याचाही वाटा आहे, आणि तो न कळल्यामुळेच घरोघर हे पेय बिघडते. मोठ्या खड्यांच्या कोरड्या बर्फावर वीस-तीस सेकंद ढवळल्याने द्रव थंड होतो, आणि त्याच वेळी थोडा बर्फ वितळून व्हिस्कीचा दाह मोडतो. बर्फाचा चुरा घेतला तर पेय पाणचट होते. मुळीच ढवळले नाही तर ते घशास चटका देते. लिंबाचा रस असलेली पेये खळखळून हलवावीत. ज्यात रस नाही ते हलविले तर हवेचे बुडबुडे शिरून गढूळ होते, म्हणून ते ढवळावे. व्हर्मूथ ही अखेर मदिराच असल्याने बाटली फोडल्यावर थंड कपाटात ठेवावी व महिना-दोन महिन्यांत संपवावी. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात वर्षभर शोभेस ठेवलेल्या व्हर्मूथने चांगल्या व्हिस्कीचा घात होतो. शेवटी संत्र्याची साल पेल्यावर पिळावयाची ती रसासाठी नव्हे, तर सालीतील तेलाचा फवारा पेयावर बसावा म्हणून. यातील एकही पायरी औषध करण्याची नाही. सगळ्या स्वयंपाकाच्या आहेत.

आणि स्वयंपाकघरातील दृष्टांतच येथे लागू पडतो. आमच्या घरी कारल्याच्या भाजीत गूळ व चिंच घालतात. कारल्याचा कडवटपणा त्याने नाहीसा होत नाही. पण गुळाची गोडी आणि चिंचेची आंबट धार यांच्या पंक्तीस बसला म्हणजे तोच कडवटपणा हवाहवासा वाटू लागतो. मनुष्याच्या जिभेवर कडू चव ओळखणारी ग्राहके सुमारे पंचवीस प्रकारची आहेत, कारण निसर्गात विषे बहुधा कडू असतात आणि जिभेने दारावरच पहारा करावा अशी योजना आहे. मूल कडू थुंकून टाकते ते यामुळे. मोठेपणी मनुष्य कॉफी, मेथी, कारले यांची आवड शिकतो; ही रुचीची कमाई आहे. कांपारीचा कडवटपणा ज्यास आवडतो त्याने अभिमानाने म्हणावे की, मला ही चव आवडते. त्यास आरोग्याची चिठ्ठी जोडण्याची गरज काय?

चिठ्ठी जोडणारे इतिहासाकडे बोट दाखवितात, आणि त्यात निम्मे सत्य आहे हे आम्हांस मान्य आहे. व्हेनेझुएलातील आंगोस्तुरा या गावी डॉ. सीगर्ट या जर्मन शस्त्रवैद्याने १८२४ साली आपला प्रसिद्ध कडवा अर्क सिद्ध केला तो सैनिकांच्या पोटाच्या विकारांसाठीच. फेर्नेतची जाहिरात एके काळी कॉलऱ्यावरील उपाय म्हणून होत असे. आव्हेर्नाची कृती एका ख्रिस्ती मठवाशाने दिली असे ते घराणे सांगते. परंतु त्या काळी मद्यार्क हे मुळ्यांतील द्रव्य उतरवून टिकविण्याचे साधन होते. आता मुळ्या हे मद्यार्क घशाखाली उतरविण्याचे साधन झाल्या आहेत. ही उलटापालट फार लवकर झाली. न्यूयॉर्क प्रांतातील हडसन गावच्या एका पत्राने १८०६ साली वाचकाच्या प्रश्नास उत्तर देताना 'कॉकटेल'ची जी पहिली छापील व्याख्या केली, तीत मद्य, साखर, पाणी व कडवा अर्क हे चार घटक सांगितले. आणि संपादकाने त्याचा उपयोग सांगितला तो निवडणुकीच्या कामी! पोटाच्या कामी नव्हे.

बरे, इतिहास बाजूस ठेवून हिशेबच करू. ४५ मिलिलिटर व्हिस्की शेकडा ४० बळाची धरली तर तीत शुद्ध मद्यार्क १८ मिलिलिटर. कांपारी शेकडा २५ बळाची धरली तर साडेसात. व्हर्मूथ शेकडा १६ ची धरली तर सुमारे पावणेपाच. एकूण तीस मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे २४ ग्रॅम. त्यातील चौथा हिस्सा खुद्द 'औषधा'तूनच आलेला आहे! इंग्लंडातील सरकारी वैद्यांनी २०१६ साली जी कमी धोक्याची मर्यादा सांगितली ती आठवड्यास १४ एकक, आणि एक एकक म्हणजे दहा मिलिलिटर मद्यार्क. यावरून या पेयाचा एक पेला तीन एककांचा. आठवड्यास पाच पेले झाले की ती मर्यादा ओलांडली. शिवाय साखर निराळीच. लिकर म्हणवून घेण्यास यूरोपीय संघाच्या नियमाने लिटरमागे सामान्यतः निदान १०० ग्रॅम साखर लागते. कडू म्हणून जी मधुमेही मनुष्यास निर्धोक वाटते, ती ही! आणि 'सर्व वनस्पतींचेच' असे म्हणणाऱ्यांच्या माहितीसाठी आणखी एक गोष्ट: कांपारीचा तो मोहक लाल रंग २००६ पर्यंत कोचिनील नावाच्या किड्यापासून काढीत असत.

पचनाची गोष्टही तपासून झाली आहे. चीजच्या जड जेवणाबरोबर मदिरा व नंतर कडक ब्रँडी घेतल्यास जठरावर काय परिणाम होतो, याचा प्रयोग स्विस वैद्यांनी वीस निरोगी माणसांवर करून २०१० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला. मद्याने जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावली, असे निघाले. पोट हलके झाल्याचा जो भास होतो तो पोटाचा नसून मेंदूचा होय. मद्यपेयांस कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या वर्गात १९८८ सालीच बसविले गेले आहे. आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले. हे वाचूनही मनुष्य पेला उचलू शकतो. आम्हीही कधी उचलतो. मात्र उचलताना आपण काय उचलीत आहो हे त्यास ठाऊक असावे.

आता आयुर्वेदाचा आधार घेणाऱ्यांविषयी. त्यांचा युक्तिवाद असा की, तिक्त रस हा आमच्या सहा रसांपैकी एक, पाडव्यास आम्ही कडुनिंब खातो, आसवे व अरिष्टे आमच्या वैद्यांनीच शोधली. मग इटालियन लोकांचे आसव घेण्यात वावगे काय? यातील एक धागा तर त्यांस वाटतो त्याहूनही बळकट आहे. अमारोमध्ये जी जेन्शियनची मुळी वारंवार वापरतात ती आणि आमचे काडेचिराईत ही दोन्ही एकाच कुळातील असून, जगातील अत्यंत कडू द्रव्यांत गणले जाणारे अमारोजेंटिन दोहोंत सापडते. पण आमच्या आजीने काडेचिराईताचा काढा दिला तो पाण्यात उकळून, तापात, एक लहान वाटी. ती वाटी रिकामी झाल्यावर आम्ही दुसरी मागितल्याचे आम्हांस स्मरत नाही. अरिष्टेही वैद्य मापून, पाणी घालून, ठराविक दिवस देतो. संत्र्याची साल पिळून मित्रमंडळीस देत नाही. आणि ज्या चरकसंहितेचा हवाला देतात तिच्याच चिकित्सास्थानात मदात्ययावर, म्हणजे मद्यापासून होणाऱ्या विकारांवर, एक संपूर्ण अध्याय आहे. त्याची आठवण या मंडळीस पेला हाती असताना का होत नाही?

औषधाचा हा बुरखा एकट्या आपल्याच समाजाने पांघरला आहे असे नाही. अमेरिकेतील मद्यबंदीच्या काळात तेथील वैद्य व्हिस्कीच्या चिठ्ठ्या लिहून देत. विन्स्टन चर्चिल यांस न्यूयॉर्कमध्ये १९३१ च्या डिसेंबरात मोटारीचा धक्का लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांस जेवणाच्या वेळी मद्य आवश्यक असल्याची चिठ्ठी दिली. तीत किमान २५० घन सेंटिमीटरचा आकडा घालून कमाल मर्यादा मोकळी ठेवली होती! आमच्याकडे मुंबई प्रांतात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी उचलून धरला, परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदीची कलमे रद्द केली. त्याच कायद्याखाली महाराष्ट्रात मद्य पिण्याचा जो परवाना मिळतो, त्याचे नियमांतील कारणही 'प्रकृतीचे रक्षण' हेच. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो परवाना बाळगणारा प्रत्येक गृहस्थ प्रकृतीसाठीच पीत असतो! सरकारनेच असा दाखला लिहून ठेविल्यावर आमच्या विद्यार्थ्यास एकट्यास दोष कसा द्यावा?

परंतु या थट्टेच्या मागे जे आहे ते थट्टेचे नाही. आमचे एक सहाध्यापक होते. मनुष्य विद्वान, शांत, कुटुंबवत्सल. पोटाची तक्रार म्हणून कोणी स्नेह्याने त्यांस परदेशी कडव्या लिकरची बाटली आणून दिली. रात्रीच्या जेवणानंतर लहान पेला, हे त्यांचे 'औषध'. पुढे तो जेवणाआधीही सुरू झाला, आणि लिकर संपली असेल तेव्हा तिच्या जागी व्हिस्की चालू लागली. नाव मात्र औषधच राहिले. त्यांच्या पत्नीने आम्हांस पुष्कळ दिवसांनी सांगितले, "दारू म्हणाले असते, तर किती झाली असं विचारता आलं असतं. औषध किती घेतलं म्हणून नवऱ्याला कसं विचारायचं?" या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. कारण त्यांच्यासमोर बसून आम्हीही कित्येकदा तो पेला घेतला होता, आणि 'औषध घेऊ या' हा विनोद आमचाही होता. यकृताने दगा दिला तेव्हा ते सेवानिवृत्तही झालेले नव्हते. त्या घरातील मौनास आमच्या विनोदाचा हातभार लागला, हे आम्ही विसरू शकत नाही. आणि हा लेख कठोर वाटल्यास त्याचे कारण हेच समजावे.

दोन आक्षेपांस उत्तर देऊन हे लिखाण पुरे करू. मद्याचे शत्रू म्हणतील, "एवढे सगळे ठाऊक असून ज्या मासिकाची घरोघर वाट पाहतात त्यात ही कृती तपशीलवार दिली कशाला?" कृती दिली ती एवढ्यासाठी की, तीत लपविण्यासारखे काही उरू नये. ज्या घरात पेला उघड मापला जातो त्या घरात तो नाकारताही येतो. चोरून वा औषध म्हणून आलेली वस्तू नाकारण्याचा हक्क कोणापाशीच राहात नाही. मुळीच न पिणाऱ्यांबद्दल आम्हांस पूर्ण आदर आहे. त्यांचा मार्ग सर्वांत निर्धोक आहे हे वरील आकडेच सांगतात.

दुसरा पक्ष व्हिस्कीच्या सोवळेकऱ्यांचा. त्यांच्या मते व्हिस्कीत पाण्याखेरीज काहीही घालणे हा अनाचार. बारा-पंधरा वर्षे मुरलेली, स्वतःचेच पुष्कळ बोलणे असलेली व्हिस्की कांपारीत बुडवू नये, हे आम्हीही मान्य करतो. पण साधी, तरुण, सरळ बाण्याची बर्बन या संगतीत खुलते. ज्यास तिन्हींचे मिश्रण आवडत नाही त्याने ते घेऊ नये. भ्रष्टाकाराची हाकाटी मात्र करू नये.

तात्पर्य, त्या रात्री आमच्या विद्यार्थ्याने आईस खरे तेच सांगावयास हवे होते: "आई, ही दारूच आहे. कडू आहे, आणि ती चव मला आवडते. एक पेला घेणार आहे, दुसरा घेणार नाही." मातोश्री कदाचित रागावल्या असत्या, कदाचित ताटावरून उठूनही गेल्या असत्या. पण दुसऱ्या पेल्याच्या वेळी त्यांच्या एका दृष्टिक्षेपास काही वजन राहिले असते. आम्ही त्या रात्री पाहिले ते असे की, मुलाने दुसऱ्यांदा बर्फ घेतला, आणि मातोश्रींनी स्वतः उठून संत्रे आणून दिले. आम्हीही काही बोललो नाही. पुढच्या खेपेस गेलो तर बोलावयाचे ठरविले आहे, आणि त्याची पहिली प्रत म्हणून हा लेख त्याच्या घरी पाठवीत आहो.